झोपेत अचानक बाळ गेलेल्या आईवडलांना आधार द्यायला बायका तयार करायच्यात, ट्रेनिंग कसं द्यावं?

कोरेगावची ताई

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यात गटप्रवर्तक आहे, वीसेक आशाताईंचं काम बघते. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गावात अडीच महिन्यांचं बाळ झोपेत गेलं. रात्री दोनला आईनं अंगावर पाजून शेजारी झोपवलं, पहाटे पाचला उठून बघते तर अंग गार. ताप नाही, खोकला नाही, वजन चांगलं वाढत होतं, मीच आदल्या आठवड्यात कार्डावर बघितलेलं. पोस्टमॉर्टम झालं, कारण काही सापडलं नाही. आठच दिवस आधी लसीचा दहा आठवड्यांचा डोस झाला होता त्यामुळे सगळं खापर आमच्या आशाताईवर फुटलं, तूच बोलवून नेलंस म्हणून. ती पोरगी अजून त्या आळीनं जात नाही.

मी पाचव्या दिवशी भेटायला गेले. पाळणा सोडून माळ्यावर टाकलेला, दुपटी टोपरी सगळी देऊन टाकलेली, मोबाईलमधले फोटोसुद्धा दिरानं काढून टाकले, तिला त्रास नको म्हणून. ती मागच्या सोप्यात भिंतीला टेकून बसलेली आणि तिचा पदर ओला होता. मला आधी वाटलं रडून ओला झालाय. दूध येत होतं. पाच दिवस त्या घरात कुणालाच सुचलं नाही की हिचं दूध थांबलेलं नाहीये, छाती दगडासारखी झालीये, अंगात कणकण आहे.

आता खरं सांगते, आमच्या कामात या बाईसाठी जागाच नाही. बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत आशाच्या ठरलेल्या घरभेटी असतात, मग तिसऱ्या महिन्यापासून पुन्हा बाळासाठीच्या भेटी सुरू होतात. बाळच गेलं की रजिस्टरात तारीख पडते, बालमृत्यू अन्वेषणाचा फॉर्म भरायला एकदा जातो, आणि झालं. ज्या घरी आता सगळ्यात जास्त जायला पाहिजे तिथलं जाणंच बंद होतं.

पण एक गोष्ट घडली. शेजारच्या वाडीतली एक बाई, तिचं बाळ काही वर्षांपूर्वी असंच गेलेलं, ती कुणी न सांगता तिच्याकडे गेली, तासभर नुसती बसली आणि निघताना म्हणाली, माझ्यापण छातीत असंच दाटायचं. त्यावर ती आई पहिल्यांदा बोलली. आम्ही सगळ्या जाऊन आलो होतो, आमच्यापाशी एक शब्द नाही.

तेव्हापासून डोक्यात आहे की अशा बायकांनाच तयार करावं. माझ्या भागात सात जणी मिळाल्यात. डॉक्टरसाहेबांनी उपकेंद्राची खोली शनिवारी दुपारी वापरा म्हणून सांगितलंय. पण शिकवायचं काय, किती दिवस, कुणाला घ्यावं कुणाला नको, आणि मला जास्त भीती याची की भलं करायला जाऊन कुणाची जखम आणखी चिघळवू नये. कुणी असं काम केलं असेल तर सांगा.

विश्रामबागकर

ताई, तुमचा तो ओल्या पदराचा भाग वाचून फोन बाजूला ठेवला, आज परत उघडला.

मी सांगलीची. माझा मुलगा २०१७ ला गेला, तीन महिने वीस दिवसांचा होता. दुपारची झोप होती, मी स्वयंपाकघरात होते, चार पावलांवर. एवढंच लिहिते.

कुणाला घ्यावं याच्याबद्दल माझा अनुभव सांगते कारण माझ्या हातून चूक झालेली आहे. माझं बाळ गेल्यावर सात महिन्यांनी ओळखीत एकीचं तसंच झालं, सगळे म्हणाले तू जा, तुला कळेल तिचं दुःख. मी गेले. तिनं दोन वाक्यं बोलली असतील, मला माझं आठवलं आणि मी जी सुरू झाले ते थांबेचना, ढसाढसा रडले, शेवटी ती उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आली. जिचं बाळ जाऊन दहा दिवस झालेत ती मला पाणी देतेय. मी त्या दिवशी तिचं घेतलं, दिलं काहीच नाही. म्हणून माझं म्हणणं, निदान दीड दोन वर्षं झालेली असावीत, आणि नुसती वर्षं मोजू नका, तिला स्वतःची गोष्ट पाच वाक्यांत सांगून थांबता येतं का ते बघा. थांबता येत नसेल तर ती वाईट नाही, तिलाच अजून कुणीतरी ऐकायची गरज आहे. तिला गटात बसू द्या, घरी पाठवू नका.

लोक काय बोलतात ते तर तुम्हाला माहितीच आहे. देवाला आवडला. अजून वय आहे, दुसरं होईल. लहान होता तेच बरं, लळा लागल्यावर गेला असता तर. मला हे शेवटचं वाक्य माझ्या सख्ख्या आत्यानं म्हटलेलं, तिला लेकीसारखी होते मी. लळा लागायला किती महिने लागतात असं विचारावंसं वाटलं होतं, विचारलं नाही. सगळ्या माणसांत एकानंच, आमच्या दूधवाल्या काकांनी, विचारलं की बाळाचं नाव काय ठेवलं होतं. तीन आठवड्यांत ते नाव कुणाच्या तोंडून आलं नव्हतं. मी नाव सांगितलं आणि दारातच खाली बसले. ते काका पण कॅन ठेवून पायरीवर बसले. तुमच्या सात जणींना बाकी काही नाही शिकवलं तरी चालेल, पण एवढं शिकवा की नाव विचारायचं आणि पुढच्या भेटीत ते नाव घेऊन बोलायचं.

आणि फोटो. दिराला सांगा बॅकअपमध्ये असतील तर परत मिळवून पेनड्राइव्हवर ठेव, आत्ता दाखवू नकोस, पण पुसू नकोस. टोपरं एखादं राहिलं असेल तर ते पण. ती मागेल एक दिवस.

तासगावचा

कुणाला दुखवायचं नाही, पण एक शंका. आमच्याकडे जुनी माणसं सांगतात की गेलेल्या बाळाचं नाव काढू नये, आईला विसरू द्यावं. परत परत जाऊन बोलायला लावणं म्हणजे खपली काढणं नाही का? माझ्या वहिनीचं असं झालंय, आम्ही घरात विषयच काढत नाही, ती व्यवस्थित आहे, कामाला जाते.

विश्रामबागकर

दादा, तुमच्या मनात वाईट काही नाही हे कळतंय. पण मी पण व्यवस्थित होते. पंधराव्या दिवशी डबे भरत होते. आई विसरत नाही हो, ती फक्त तुमच्यासमोर बोलायचं बंद करते कारण तिला दिसतं की विषय निघाला की घरातली सगळी माणसं कावरीबावरी होतात. बोलायला लावायचं नाहीच. वहिनीला एकदा एवढंच म्हणून बघा की मला त्याची आठवण येते. ती नाही बोलली तर सोडून द्या.

समुपदेशक मिरज

मी समुपदेशनाचं काम करते, मिरजेत. शोकात असलेल्या कुटुंबांसोबत बरीच वर्षं काढलीत. ताई तुम्ही जे सुचवताय ते नवीन नाही आणि चुकीचं तर अजिबात नाही. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या एका हॉस्पिटलात दोन मुलं एकाच सुमारास दगावली, तिथल्या धर्मोपदेशकानं त्या दोन कुटुंबांची गाठ घालून दिली आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्यापेक्षा हे एकमेकांना जास्त धीर देतायत, त्यातून १९६९ साली कम्पॅशनेट फ्रेंड्स ही आईवडलांची संस्था उभी राहिली. अचानक गेलेल्या तान्ह्या बाळांसाठी तिकडे १९७१ पासून जी संस्था आहे, आता लल्लबाय ट्रस्ट म्हणतात, तिच्याकडे पण स्वतः या दुःखातून गेलेली माणसं तयार करून नव्या कुटुंबांशी जोडून देतात. तुमच्या वाडीतली ती बाई कुणी न शिकवता तेच करून आली.

ट्रेनिंगबद्दल. एक दिवसाचं शिबिर घेऊन सर्टिफिकेट वाटू नका, कळकळीनं सांगते. सहा सात शनिवार घ्या, दोन दोन तास. पहिले दोन शनिवार शिकवायचं काहीच नाही, त्या सात जणींनी आपापलं सांगायचं, बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही, समजूत घालायची नाही, पाठीवरून हात पण विचारून फिरवायचा. ऐकण्याचं शिक्षण यातच होतं, कारण ज्या बाईनं स्वतः न अडवता ऐकून घेतल्याचा अनुभव घेतलाय तिलाच दुसरीला तसं ऐकता येतं.

मग जोड्या करून सराव. एक आई, एक भेटायला आलेली, तिसरी नुसती बघणारी. बघणारीनं मोजायचं की भेटायला आलेलीनं किती वेळा "अगं पण" म्हटलं आणि किती वेळा स्वतःचं सांगायला लागली. आमच्या एका गटात पहिल्या दिवशी एकीनं दहा मिनिटांत चौदा वेळा "असं नाही म्हणायचं" म्हटलं, महिन्याभरानं तीच बाई पाच मिनिटं गप्प बसून समोरचीच्या ताटातले शेंगदाणे सोलू लागली, आणि ती आई आपोआप बोलत गेली. हाताला काम असलं की बोलणं सोपं जातं, हे आपल्या बायकांना कुणी शिकवायला नको, फक्त आठवण करून द्यायची. भाजी निवडा, लसूण सोला.

गावात काम म्हणजे सगळ्यात अवघड गोष्ट गुप्तता. ऐकलेलं त्या घराच्या उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, नवऱ्याला सांगायचं नाही, बचत गटात तर नाहीच नाही. एकदा एक शब्द फुटला की तो उपक्रम त्या गावात संपला. याला एकच अपवाद, आणि तो भेटीला गेल्यावर सुरुवातीलाच त्या आईला सांगून ठेवायचा, की तुझ्या जिवाला धोका वाटला तर मी गप्प बसणार नाही.

त्यासाठी थेट विचारायला शिकवा. "मलापण त्याच्यामागं जावंसं वाटतं" हे वाक्य बऱ्याच आया बोलतात, त्यात बऱ्याचदा बाळाला परत कवेत घ्यायची ओढ असते, पण दरवेळी तेवढंच असतं असं धरून चालायचं नाही. सरळ विचारायचं, जीव द्यायचा विचार मनात येतो का, कसा करायचा ते ठरवलंय का. विचारल्यानं विचार डोक्यात घातला जात नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून ओझं उतरतं. उत्तर हो आलं तर तिला एकटं सोडायचं नाही, घरातल्या एका माणसाला विश्वासात घ्यायचं, घरात तणनाशक कीटकनाशक असेल ते हलवायला लावायचं, त्याच दिवशी डॉक्टरांकडे. टेलिमानस म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, तिचा १४४१६ हा नंबर प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये पाहिजे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. झोप अजिबात नाही, जेवण सुटलंय, बाळाचा रडण्याचा आवाज येतो आणि तो खरा वाटतो, स्वतःला सारखं दोषी मानतेय आणि आठवडे उलटून तसूभर फरक नाही, हे पण तुमच्या बायकांच्या आवाक्याबाहेरचं, तिथे मानसोपचारतज्ज्ञच हवेत. हे सुरुवातीलाच सांगितलं तर बायकांना पण हलकं वाटतं की सगळं आपल्यालाच पेलायचं नाहीये.

दुधाचं पहिल्याच भेटीत बघायचं. थंड ओला कपडा ठेवायचा, अंगाला नीट बसणारी ब्रा घालायची, करकचून बांधायचं नाही, फारच ठणकलं तर ठणका कमी होण्यापुरतंच थोडं काढायचं, पूर्ण रिकामं केलं की पुन्हा भरतं. लाल झालं, ताप आला तर डॉक्टर. दूध आटवायची गोळी कुणाच्या सांगण्यावरून घ्यायची नाही, बीपीचा त्रास असलेल्या बाईला ती बाधू शकते.

जाताना दोघींनी जायचं, आणि परत आल्यावर त्या दोघींचं ऐकायला कुणीतरी पाहिजे, तुम्ही किंवा मी. एकीच्या वाट्याला एका वेळी एकच घर. तिच्या स्वतःच्या बाळाची तारीख जवळ आली असेल तर त्या महिन्यात तिला सुट्टी, विचारायचं पण नाही.

कराड ४१५

गडीमाणूस म्हणून लिहितोय. सगळे बायकांबद्दल बोलताय ते बरोबरच आहे पण बापाचं पण बघा.

माझी मुलगी चार महिन्यांची होती. एवढ्या लहान जिवाला तिरडी नसते, हातावरच न्यायचं. घरापासून नदीपर्यंत मी तिला हातावर नेलं, दुपट्यात गुंडाळून, उन्हानं तिच्या तोंडावर झळ लागू नये म्हणून मी सावली धरत होतो. माझा भाऊ म्हणाला दे माझ्याकडं थोडा वेळ, मी दिली नाही. बायकोला नदीवर येऊ दिलं नाही कुणी. ती अजून विचारते, कुठल्या अंगाला ठेवली, डोकं कुणीकडं होतं. मी दर वेळी सांगतो. मला विचारत नाही कुणी. मला सगळे एवढंच म्हणायचे, तू खंबीर राहा, तिला सांभाळ.

त्यात पोलिसांचं. अचानक मृत्यू म्हटल्यावर अकस्मात मृत्यूची नोंद होते, जबाब होतो, पोस्टमॉर्टम होतं. कायद्यानं करावं लागतं, आज कळतं. पण त्या दिवशी बायकोला विचारत होते शेवटचं दूध कधी पाजलं, कुठल्या कुशीवर झोपवलं, अंगावर पांघरूण किती होतं, आणि तिला वाटलं आपल्यावर आळ घेतायत. कुणी दोन वाक्यं बोललं असतं की हे सगळ्यांना विचारतात, तुमच्यावर संशय नाही, तर ती पुढं वर्षभर रात्री उठून तेच प्रश्न स्वतःला विचारत बसली नसती. तुमच्या लोकांना हे शिकवा ताई, नोंद म्हणजे काय, रिपोर्ट कुठं मिळतो, मृत्यूची नोंद एकवीस दिवसात करायची असते, तेव्हा सोबत कुणीतरी पाहिजे. मी त्या खिडकीवर एकटा उभा होतो आणि क्लार्कनं विचारलं नात्यानं कोण.

मला सावरलं माझ्या एका मित्रानं. त्याचं बाळ गेलं नव्हतं, पण तो दीड महिना रोज माझ्याबरोबर रानात यायचा. आमच्याकडं त्या वेळी रात्रीची लाईट होती, उसाला पाणी द्यायला दोनला उठून जावं लागायचं. बॅटरी घेऊन तो पुढं, मी पाण्याची दारं मोडत मागं. अंधारात तोंड दिसत नाही म्हणून मी बोलू शकलो. दिवसा पारावर मला जमलं नसतं. तेव्हा सात बायकांबरोबर दोन बाप घ्या, आणि त्यांना खोलीत गोल करून बसवू नका, त्यांना एकमेकांच्या रानात पाठवा. मी यायला तयार आहे, कोरेगाव लांब नाही.

बालरोग सिस्टर

मी लहान मुलांच्या वॉर्डात नोकरी करते, कुठे ते लिहीत नाही. कारणाबद्दल थोडं, कारण तुमच्या बायकांना पहिला प्रश्न तोच येणार, का गेलं.

एक वर्षाच्या आतलं बाळ अचानक जातं, पोस्टमॉर्टम, घरची चौकशी, आधीचा इतिहास सगळं बघूनही कारण सापडत नाही, त्याला सडन इन्फंट डेथ सिंड्रोम म्हणतात. सगळ्यात जास्त दोन ते चार महिन्यांच्या वयात होतं आणि बहुतेक सहा महिन्यांच्या आत. आता आपलं लसीकरण कधी असतं, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. म्हणजे ज्या वयात हे होतं त्याच वयात डोस चालू असतात, त्यामुळे अशा बऱ्याच बाळांच्या मागे आठ पंधरा दिवसांत एखादा डोस झालेला असतो. लसीमुळे हे मृत्यू होत नाहीत हे खूप ठिकाणी तपासून झालंय. पण शोकाच्या घरात हे पटवून द्यायला जाऊ नका, भांडण होईल. त्या आशाताईला मात्र जरूर सांगा, अगदी शेजारी बसून सांगा, ती पण एक दुखावलेली आहे या सगळ्यात.

१९९४ मध्ये संशोधकांनी एक मांडणी केली की तीन गोष्टी एकाच वेळी जुळून येतात, बाळात आतून काहीतरी नाजूकपणा असतो जो कुणाला दिसत नाही, वय नेमकं ते असतं, आणि बाहेरून काहीतरी ताण येतो, जसं पालथं झोपणं, तोंडावर मऊ पांघरूण, फार उबारा, घरातला विडी सिगारेटचा धूर. इंग्लंडात १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९४ पासून बाळाला पाठीवर झोपवा म्हणून मोहीम झाली आणि पुढच्या काही वर्षांत हे मृत्यू निम्म्याच्या आसपास कमी झाले. ही माहिती महत्त्वाचीच आहे, पण भेटीला गेल्यावर काढायची नाही. त्या आईनं कुशीवर झोपवलं असेल तर ती मरेपर्यंत तेच धरून बसेल, आणि खरं हे आहे की हजारो बाळं कुशीवर पालथी झोपतात आणि त्यांना काही होत नाही. पुढच्या गरोदरपणात सातव्या आठव्या महिन्यात ती स्वतः विचारेल, तेव्हा सांगायचं.

तोपर्यंत उत्तर एकच. "डॉक्टरांना पण कारण सापडलं नाही. तुझ्या हातून काही झालं असं कुणाला दिसलेलं नाही." पोस्टमॉर्टममध्ये वेगळं काही निघालेलं असेल तर ते डॉक्टरांनी बोलायचं, आपण नाही.

पुढचं बाळ आलं की आई रात्रभर त्याच्या नाकाशी हात धरून बसते, आधीचं बाळ जितक्या दिवसांचं असताना गेलं तो दिवस येईपर्यंत तर फारच. तुमच्या बायकांची खरी गरज त्या आठवड्यात आहे, तो दिवस वहीत लिहून ठेवा.

कोरेगावची ताई

सगळ्यांचे खूप आभार, एकेकाला वेगळं उत्तर देते, आधी काय झालं ते सांगते.

गेल्या शनिवारी पहिली बैठक घेतली. समुपदेशक मॅडमनी सांगितलं तसं, शिकवलं काही नाही. सात जणींना बोलावलं होतं, आठ आल्या. आठवी म्हणजे त्या गावातल्या बाळाची आजी, बाळाच्या आईची सासू, जिनं पाळणा सोडला ती. मला आधी धास्ती वाटली, सुनेच्या मागनं इथं काय बोलतील म्हणून. त्या शेवटपर्यंत दाराशी बसून होत्या. शेवटी म्हणाल्या मी पण बोलू का. त्यांचं पहिलं बाळ, सव्वा महिन्याचं, चाळीस वर्षांपूर्वी. त्यांच्या सासूनं त्याच संध्याकाळी सगळं आवरून टाकलं होतं आणि दुसऱ्या दिवशी यांना भांगलणीला पाठवलं, काम केलं की विसर पडतो म्हणून. त्या म्हणाल्या, मला वाटलं असंच करायचं असतं, मला जे केलं तेच मी तिला केलं. एक टोपरं त्यांनी दिलं नव्हतं, गव्हाच्या कणगीमागं ठेवलंय, सुनेला कसं द्यायचं कळत नाही म्हणाल्या.

विश्रामबागकर ताई, तुमचं वाक्य आठवलं, ती मागेल एक दिवस. मी त्यांना एवढंच म्हटलं की तुम्हीच द्या, आणि तुमचं पण तिला सांगा. बरोबर केलं की नाही माहीत नाही, मॅडम तुम्ही सांगा.

एकीला थांबवावं लागलं, तिच्या बाळाला जाऊन पाचच महिने झालेत, तिला म्हटलं तू ये गटात पण भेटीला आत्ता नको. ती नाराज झाली, पण पुढच्या शनिवारी येते म्हणालीये.

कराडचे दादा, तुमच्या बायकोला आमचा नमस्कार सांगा. इथे दोन बाप आहेत माझ्या माहितीतले, एकाचा आडसाली ऊस आहे, रात्रीचीच लाईट आहे या आठवड्यात. नंबर मेसेजमध्ये पाठवते, त्याला आधी विचारलंय, ये म्हणालाय.

सिस्टर, आशाताईकडे काल गेले होते. लसीचं आणि वयाचं तुम्ही लिहिलंय ते तिला मोबाईलवर वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं तिनं. मग म्हणाली त्या घरी मला जायचंय पण एकटीला नाही जमायचं. रविवारी दोघी जाणार आहोत.

सरावासाठी मराठीत लिहिलेले प्रसंग कुणाकडे असतील, म्हणजे भेटीला गेल्यावर घरात कोण कोण काय म्हणतं असे, तर इथेच टाका. वरचं दूधवाल्या काकांचं मी वापरतेय, विश्रामबागकर ताई, चालेल ना?

विश्रामबागकर

चालेल. काका अजून येतात दूध घालायला, त्यांना सांगते मी.